सातव्या नियमातलं भोक

ब्रेमेन, जर्मनी
११ जून २०२२

प्रिय राजूभिया,

राम राम.

रविवारी व्हिडिओवर सगळं घर जमतं. काका, पुष्पावहिनी, शेजारच्या नंदाबाई. प्रत्येकाला माझ्या खिडकीबाहेरचं बघायचं असतं, त्यातच अर्धा तास जातो आणि तुझ्याशी बोलायचं राहून जातं. शिवाय मला जे बोलायचंय ते बाणांनी आणि चौकटींनी भरलेलं आहे. म्हणून पत्र, आणि सोबत एकवीस पानं.

तू मागे विचारलंस, "तू तिथं नेमकं करतेस तरी काय?" सांगते. आपण प्रोग्राम लिहितो. कंपायलर त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो आणि करता करता काम हलकं करतो. दोनदा करायचं ते एकदाच करतो, मागचं पुढे नेतो. प्रोग्राम एकटाच चालत असेल तर यानं काही बिघडत नाही. पण आता एका चिपवर आठ-आठ कोअर एकाच वेळी राबतात, एकमेकांनी लिहिलेलं वाचतात. एकानं आपल्या सोयीनं काम हलकं केलं की दुसऱ्याला भलतंच दिसू शकतं. म्हणून कंपायलरला कुठे सूट आहे आणि कुठे नाही, याचे नियम आम्ही गणितात लिहितो आणि मग लाखो छोटे प्रोग्राम चालवून ते तपासतो. या पानांत असे अकरा नियम आहेत. मी लिहिलेले.

चार लाख चाचण्या झाल्या, एकही फसली नाही. सर खूश आहेत. पण सातव्या नियमाशी आले की मी उगाच थबकते. काय खुपतंय ते सांगता येत नाही. तू बघशील? मला सिद्धता म्हणजे काय ते तूच शिकवलंस, आणि गणित तुझं माझ्यापेक्षा चांगलं, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. मी बाहेर पडले आणि तू काकांच्या दुखण्यात अडकलास, फरक तेवढाच.

घाई नाही. सोयाबीन पेरून झालं की बघ.

तुझी,
संगीता


सेवानगर तांडा, ता. महागाव
३ ऑगस्ट २०२२

प्रिय संगी,

तुह्यी पानं भेटली. पह्यले पंधरा दिवस तर मले चिन्हंच समजत नव्हती. कालेजात तासिका तत्त्वावर जे चार तास आहेत ते घेऊन आलो का वावरात जायचो अन् धुऱ्यावर बसून वाचायचो. पुष्पा म्हणे, "बाई परदेशात शिकून राह्यली अन् अभ्यास तुम्ही करून राह्यले."

सातव्या नियमात भोक आहे.

मी तो नियम महागावच्या मार्केटात नेऊन पाह्यला. कापूस खरेदीचे कारकून नानाजी तुले आठवतात ना? नवा भाव आला का ते पाटीवर लिहितात अन् घंटा देतात. पाट्या दोन, एक पुढच्या गेटावर, एक मागच्या. आता तुह्या नियम काय म्हणते? सकाळी एकदा पाटी वाचली तर पुन्हा वाचायची गरज नाही, सकाळचाच भाव डोक्यात धरून काम करा, तेवढीच एक चक्कर वाचते. अट एकच, मधात नानाजीची घंटा ऐकली तर पुन्हा पाहा. दोन माणसायत हे बराबर आहे. एक लिहिते, दुसरा ऐकते अन् पुन्हा वाचते.

आता तिसरा माणूस आण. उकंडा मागच्या गेटावर उभा आहे, त्याले घंटा ऐकू जात नाही. पुढच्या गेटावर हरिसिंगनं घंटा ऐकली, नवा भाव वाचला अन् उकंडाले फोन केला, "भाव बदलला रे." उकंडानं आता पाटी पाहाव का नाही? कोणीबी शहाणा माणूस पाहीन. पण तुह्या नियमानं त्याले सूट आहे! काहून का त्यानं नानाजीची घंटा ऐकलीच नाही, हरिसिंगचा फोन ऐकला. तो सकाळच्याच भावानं कापूस देऊन मोकळा.

तुमच्या चार लाख चाचण्या दोन-दोन माणसायच्याच असतीन. तीन माणसाची एकच करून पाहा. नियम असा पाहिजे का बातमी कोणाकडूनबी येवो, कितीक हातातून येवो, आली का पुन्हा वाचा. मी सात पानं सिद्धता लिहून जोडली आहे. चौथ्या पानावर चहा सांडला, तिथं "किंवा" वाच, "आणि" नाही.

माहं चुकलं असंल तर हासू नको. बरोबर असंल तर लवकर कळव. दोन रात्री झाल्या, खुशीनं झोप नाही.

तुह्या,
राजू


ब्रेमेन
२० सप्टेंबर २०२२

प्रिय राजूभिया,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, माफ कर. इथं फार धावपळ चालू आहे.

तू म्हणतोस ते बरोबर आहे. पण खरं सांगायचं तर ते भोक आम्हाला जुलैतच सापडलं होतं, तुझं पत्र यायच्या आधी. तुला कळवायचं राहिलं. तरी तू एकट्यानं, कागद-पेन्सिलीवर तिथपर्यंत पोचलास, याचं मला फार कौतुक वाटलं.

चाचण्या आता तीन कोअरच्या करतो आहोत. वेळ मिळाला की सविस्तर लिहीन. काकांच्या गुडघ्याला आराम आहे का? वहिनींना नमस्कार.

संगीता


सेवानगर तांडा
९ मार्च २०२३

प्रिय संगी,

तुह्यं पत्र आलं तेव्हा पह्यले जराक वाईट वाटलं. मंग विचार केला, वाईट कायचं? जे भोक जर्मनीतल्या मोठ्या लोकायले दिसलं, तेच मले धुऱ्यावर बसून दिसलं. म्हणजे माहं डोकं अजून चालते. इतके वर्षं मले वाटे का ते गंजलं.

तेव्हापासून मी थांबलोच नाही. तीन वह्या भरल्या. पोट्ट्यायले शिकवतो, तूर काढतो, अन् उरल्या टायमात हेच.

आता कामाची गोष्ट. नागपूरच्या एका संस्थेत संशोधन सहायकाची जागा निघाली. वयाची अट अडतीस. मले येत्या नोव्हेंबरात अडतीस पूर्ण होतात, म्हणजे ही शेवटची गाडी. पुष्पानंच फारम भरून घेतला, नाहीतर मी टाळलंच असतं. बापूले सांगतलं तर तो दुसऱ्या दिवशी दारव्ह्याच्या बाजारातून माह्यासाठी शर्टाचं कापड घेऊन आला.

इंटरव्ह्यूत आपण केलेलं एखादं काम फळ्यावर समजावून सांगा लागते. मी विचार करून राह्यलो का घंटा अन् पाटीच सांगावं. तुमालेबी आधी सापडलं होतं, हे मी सांगीनच, लपवायचं कायले? पण तुले विचारल्याशिवाय नाही सांगणार. तुह्या कामात काही अडचण तर येत नाही ना? तसं असंल तर सरळ सांग.

राजू


ब्रेमेन
६ एप्रिल २०२३

प्रिय राजूभिया,

जागेचं वाचून आनंद झाला. तू जायलाच हवंस.

घंटा आणि पाटी बिनधास्त सांग. त्यात कसली अडचण? तुझंच आहे ते. फक्त आम्हाला आधी सापडलं होतं वगैरे सांगत बसू नकोस, उगाच फाटे फुटतात. छान शांतपणे बोल. इंग्रजीची काळजी करू नकोस.

मी प्रबंधात बुडाले आहे. निकाल लागला की फोन कर.

संगीता


सेवानगर तांडा
२ जुलै २०२३

संगी,

नागपूरचं काम झालं नाही. दुसऱ्या कोणाले घेतलं.

यंदा पाऊस बरा आहे. बापूचा गुडघा ठीक. पोरीनं शाळेत पह्यला नंबर काढला.

तुह्या प्रबंधाले वेळ लागत असंल, पत्राची काळजी करू नको. मलेबी आता टाइम भेटत नाही.

राजू


ब्रेमेन
१५ जानेवारी २०२४

प्रिय राजूभिया,

परवा मला पीएच.डी. मिळाली. व्हिडिओवर सगळे होते, काकांनी तर तांड्यात पेढे वाटले म्हणे. तू तेवढा नव्हतास. वहिनी म्हणाल्या, वावरात आहे.

नागपूरची जागा गेली म्हणून तू खचलास, हे मला कळतं. पण असल्या समित्यांना काय समजतं? तू मनावर घेऊ नकोस. प्रबंधाची एक प्रत पाठवते आहे. वाचून तुझं मत कळव. पूर्वी कळवायचास तसं.

तुझी,
संगीता


ब्रेमेन
२३ फेब्रुवारी २०२५

राजूभिया,

माझ्या पत्राला तेरा महिने झाले, तुझं उत्तर नाही. आता येणारही नाही, याची मला खात्री आहे. हे पत्र तू फाडून टाकलंस तरी चालेल, पण आधी वाच.

गेल्या महिन्यात लिस्बनला परिषद होती. तिथं नागपूरच्या त्या संस्थेतले एक प्राध्यापक भेटले. मराठी माणूस म्हणून आपुलकीनं जवळ आले.

"तुम्ही यवतमाळच्या ना मॅडम? एक गंमत सांगतो. दोन वर्षांमागे तुमच्याच जिल्ह्यातला एक जण आमच्याकडे इंटरव्ह्यूला आला होता. तुमची घंटा आणि पाटी त्यानं जशीच्या तशी फळ्यावर काढली, स्वतःचं काम म्हणून. आमच्यातल्या एकानं तुमचा पेपर नुकताच वाचला होता. आम्ही तो त्याच्यासमोर ठेवला."

मी विचारलं, "मग?"

"मग काय? वाचला त्यानं. पाणी मागितलं, प्यायला आणि उठून गेला. चोर पकडला गेला की असाच गप्प बसतो."

भिया, तेव्हाही मी लगेच तोंड उघडलं नाही. जेवणाची रांग पुढे सरकली, मीही सरकले. संध्याकाळी त्यांच्या हॉटेलवर गेले आणि सांगितलं की तो माझा भाऊ आहे, आणि चोर मी आहे.

आता तुला सगळं सांगते. आम्हाला जुलैत काहीच सापडलं नव्हतं. तुझं पत्र आलं, त्याच दुपारी मी सरांच्या खोलीत गेले आणि फळ्यावर घंटा काढली, पाटी काढली, मागचं गेट काढलं. सर उठून फळ्याशी आले. मग म्हणाले, "हे तू शोधलंस?" मी हो म्हटलं. 'माझ्या भावानं' एवढंच म्हणायचं होतं. पण दोन वर्षांत त्या गटात मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. बैठकीत मी बोलायला लागले की लोक घड्याळ बघायचे. त्या दिवशी सगळे माझ्याकडे वळून बघत होते. वाटलं, आज राहू दे, उद्या सांगीन. दुसऱ्या दिवशी सांगणं जास्त अवघड होतं, तिसऱ्या दिवशी त्याहून. मग तुला ते खोटं पत्र लिहिलं.

तू मार्चमध्ये विचारलंस, तेव्हा पेपर छापून होऊन आठवडा झाला होता. माझ्या एकटीच्या नावानं. तुला अडवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी मनाशी म्हटलं, नागपुरात कोण वाचतंय? हे लिहितानाही मला लाज वाटते. आपल्याकडच्या माणसांना मी असं समजले.

मी सरांना सगळं सांगितलं आहे. ते एवढंच म्हणाले, "अडीच वर्षं?" दुरुस्तीचं निवेदन छापून आलं आहे, सोबत पाठवते. सातव्या नियमातलं भोक आणि त्याची सिद्धता राजकुमार लालसिंग आडे यांची, असं त्यात स्पष्ट आहे. संस्थेलाही लेखी कळवलं आहे. पुढच्या वर्षीचं माझं इथलं काम दुसऱ्याला दिलं गेलं. ते बरोबरच झालं.

तू तिथं गप्प का बसलास? नुसतं माझं नाव घेतलं असतंस तरी पुरे होतं.

मला माफ करशील का, हे विचारायचा हक्क मला नाही. तरी विचारते.

संगीता


सेवानगर तांडा
४ मे २०२५

संगी,

तुह्यं पत्र फाडलं नाही. दोनदा वाचलं. एकदा मी अन् एकदा पुष्पानं. ती वाचून चुलीपाशी जाऊन बसली. मंग म्हणे, "मले फारम भरून घ्यायचं काय अडलं होतं?" म्हणजे पाहा, तिले वाटते का चूक तिची आहे.

तू विचारलं, गप्प काहून बसलो. सांगतो. त्यायनं पेपर समोर ठेवला तेव्हा पह्यले मले खुशीच झाली. वाटलं, तुह्यं नाव छापून आलं. मंग वाचत गेलो. घंटा होती, पाटी होती, अन् मागच्या गेटावरची दुसरी पाटीबी होती. महागावचं मागचं गेट जर्मनीत कुठून आलं? तेव्हा समजलं.

तुह्यी सारी पत्रं माह्या थैलीत होती. नशीब म्हणून सोबत नेली होती. काढून दाखवली असती तर पाच मिनिटाचं काम होतं. पण तुह्यी डिगरी व्हायची होती. साऱ्या तांड्यात तू एकटी तिथवर गेलेली. मी तोंड उघडलं तर त्यायनं तुह्या सरायले पत्र लिहिलं असतं, अन् तुले तिथून हाकललं असतं. म्हणून पाणी पेलो अन् निघालो. नागपूरहून यवतमाळ, यवतमाळहून महागाव. सहा तासात एकदाबी वाटलं नाही का चूक केली. ते मागाहून वाटलं.

मागाहून काय झालं ते तुले माहीत नाही. त्या समितीतला एक जण आमच्या प्राचार्य रामरावच्या वळखीचा निघाला. पुढच्या साली मले तासिका भेटल्या नाहीत. कारण कोणी सांगतलं नाही. पण स्टाफरूममध्ये एक जण हासून म्हणे, "आडे सर, आता वावरातबी नक्कल करून पेरता का?" पुष्पाले मी सांगतलं का पोट्टे कमी झाले. बापूलेबी तेच.

आता दुरुस्तीचं छापून आल्यावर संस्थेचंबी पत्र आलं. दिलगिरी आहे म्हणतात. बापूनं विचारलं, "काय आलं?" मी म्हटलं, "चूक त्यायची होती म्हणतात." बापू म्हणे, "मंग नोकरी?" मी म्हटलं, "वय सरलं ना बापू आता." तो उठला अन् बैलायले पाणी दाखवायले गेला. रामरावनं घरी येऊन हात जोडले. जूनपासून तासिका पुन्हा भेटतीन. मी जाणार आहे. पोट्ट्यायले शिकवणं मले आवडते, त्यात कोणावर उपकार नाही.

माफीचं म्हणशील तर, नाव चोरलं याचा राग मले आता नाही. तुह्याकडं कोणी पाहत नव्हतं, पह्यल्यांदा पाह्यलं, अन् तू हो म्हणून गेलीस. माणसाचं होते तसं. तुह्या जागी मी असतो तर काय केलं असतं, काय माहीत.

पण एप्रिलचं ते पत्र. मी तुले सरळ विचारलं होतं, अडचण असंल तर सांग. तू लिहिलं, "बिनधास्त सांग." कारण द्यायची गरज नव्हती, संगी. "भिया, हे नको सांगू, दुसरं काही सांग" एवढं लिहितीस तर मी एक सवाल न करता दुसरं सांगतलं असतं. माह्यापाशी दुसरं होतं. तीन वह्या भरून होतं. पाचव्या अन् नवव्या नियमावर मी जे काढलं ते त्या घंटेपेक्षा चांगलं होतं. ते न्याव का घंटा, हे पक्कं ठरलं नव्हतं. तुह्यं पत्र आलं म्हणून घंटा नेली, का निदान त्यात चूक नाही हे तुमी तपासलं आहे.

त्या वह्या आता नाहीत. गेल्या साली पुष्पानं विचारलं, कोऱ्या पानाच्या असतीन तर पोरीले दे. मी म्हटलं, लिहिलेल्या आहेत, पण देऊन टाक. तिनं मागच्या बाजूनं पाढे लिहिले, अन् साल सरल्यावर रद्दीत गेल्या. त्यात काय होतं ते मले आता आठवत नाही. खरंच आठवत नाही. रोज थोडं थोडं आठवून पाहतो.

दिवाळीले ये. माह्यी पोरगी यंदा पह्यल्यांदा तांड्यातल्या पोरीसंग मेरा मागायले जाणार आहे, घरोघरी दिवा घेऊन. तुले पाहून तिले हिम्मत येईन. बापू तुह्यी वाट पाहते, त्याले यातलं काही सांगतलं नाही अन् तूबी सांगू नको. पुष्पाचं मात्र धरून चाल, ती लवकर बोलणार नाही.

फक्त कागद आणू नको. नियम नको, चाचण्या नको. तू आणले तर मी वाचीन, राहवणार नाही मले. अन् वाचताना चूक दिसली तर ते तुले सांगाव का नाही, हे मी ठरवत बसीन. तुह्यासमोर बसून तसं ठरवायची पाळी माह्यावर आणू नको.

तुह्या,
राजू